तक्रारपेटीच्या पलीकडे: चंद्रपूर, नागपूर, सेवाग्राम आणि विद्यापीठांची जबाबदारी

१/ वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव बहुतेकांना चौरस्ता म्हणूनच ठाऊक आहे. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, म्हणजे जुना ७ क्रमांक, येथून हिंगणघाटकडे जातो. वरोरा, भद्रावती आणि चंद्रपूरकडे जाणारा रस्ताही येथेच फुटतो. बस बदलण्यासाठी उतरणारे विद्यार्थी, चहाच्या टपऱ्या आणि मालवाहू गाड्यांची रांग यांपलीकडे या चौकाकडे कोणी फारसे पाहत नाही. भारतातील बलात्कारविषयक कायद्याच्या इतिहासातील काही महत्त्वाची पाने मात्र याच चौकाच्या चहूबाजूंना लिहिली गेली आहेत. हा धागा त्या पानांविषयी.

२/ चंद्रपूरचे सत्र न्यायालय, १९७४. उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ, १९७६. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय, २०१०. हिंगणघाटचा नंदोरी चौक, २०२०. या चार ठिकाणांना जोडणारा प्रश्न एकच आहे: लैंगिक अत्याचाराला सामोरे गेलेल्या व्यक्तीसाठी विद्यापीठाने नेमके काय करावे?

(सूचना: पुढे लैंगिक अत्याचार आणि न्यायवैद्यकीय तपासणी यांचे उल्लेख आहेत. वर्णन आवश्यक तेवढेच ठेवले आहे.)

३/ या प्रश्नाचे प्रचलित उत्तर सर्वांना पाठ आहे. समिती नेमावी, फलक लावावा, तक्रारपेटी टांगावी, ८ मार्चला व्याख्यान ठेवावे. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. विद्यापीठाजवळ पोलिसांजवळ नसलेली आणि न्यायालयाजवळही नसलेली एक गोष्ट असते. उद्याचा वकील, उद्याचा डॉक्टर आणि उद्याचा न्यायाधीश कोणत्या पुस्तकातून शिकेल, हे तेथे ठरते. अत्याचारग्रस्ताला विद्यापीठाचा खरा आधार मिळतो की नाही, याचा निवाडा त्या पुस्तकापासून सुरू व्हायला हवा. इतिहास या मताला भक्कम पुरावा देतो.

४/ २६ मार्च १९७२. स्थळ देसाईगंज. तेव्हा हे गाव चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. आईवडिलांचे छत्र हरपलेली, भावाबरोबर राहून मोलमजुरी करणारी एक आदिवासी मुलगी जबाब देण्यासाठी पोलीस ठाण्यात आणली गेली. वैद्यकीय अंदाजानुसार तिचे वय १४ ते १६ वर्षे होते. रात्री तिच्या सोबतच्या लोकांना बाहेर पाठवण्यात आले आणि तिला आत थांबवून घेण्यात आले. ठाण्यातील एका शिपायाने आपल्यावर बलात्कार केला आणि एका हेड कॉन्स्टेबलने विनयभंग केला, अशी तक्रार तिने नोंदवली.

५/ कायद्याच्या पुस्तकांत हा खटला 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने नोंदला आहे आणि लोकांना तो 'मथुरा प्रकरण' म्हणून ठाऊक आहे. अत्याचारग्रस्ताची ओळख प्रसिद्ध करण्यास बंदी घालणारे कलम पुढे याच प्रकरणातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे कायद्यात आले. त्या कलमाचा मान राखून येथून पुढे तिचा उल्लेख 'ती मुलगी' एवढाच येईल.

६/ घटनेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची वैद्यकीय तपासणी झाली. अंगावर जखमा नाहीत, असे नोंदवले गेले. त्याबरोबर योनिपटलाची स्थिती आणि दोन बोटांच्या चाचणीचा निष्कर्षही नोंदवला गेला. तरुण वाचकांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे. ही चाचणी एखाद्या डॉक्टरच्या लहरीतून आली नव्हती. न्यायवैद्यकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ती होती, परीक्षेत तिच्यावर प्रश्न येत होते आणि विद्यापीठे त्या उत्तरांना गुण देत होती.

७/ १ जून १९७४ रोजी चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले. ती मुलगी शरीरसंबंधाला सरावलेली आहे आणि तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवता येत नाही, असा न्यायालयाचा सूर होता. हे 'सरावलेली' विशेषण वैद्यकीय अहवालातून निकालपत्रात उतरले होते. अहवालात ते पाठ्यपुस्तकातून आले होते आणि पाठ्यपुस्तक वर्गातून. चार खुले पत्रलेखक या इतिहासात येण्याच्या बऱ्याच आधी विद्यापीठ त्या न्यायालयात हजर होते, मात्र त्या मुलीच्या विरुद्ध बाजूला.

८/ चंद्रपूरहून नागपूरकडे येणारा मुख्य रस्ता वरोऱ्यावरून जामला येतो. ऑक्टोबर १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने सत्र न्यायालयाचा निकाल फिरवला. खंडपीठाने मांडलेला भेद आजही कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. भीतीपोटी किंवा असहायतेपोटी शरीर निमूट सोडून देणे वेगळे आणि संमती देणे वेगळे. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, वर्दीतील अनोळखी माणसांसमोर एक अल्पवयीन मुलगी गप्प राहिली, तर त्या गप्प राहण्याला होकार म्हणता येत नाही. एका आरोपीला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा झाली.

९/ १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. अंगावर जखमा नाहीत आणि आरडाओरडा केल्याचा पुरावा नाही, म्हणून प्रतिकाराची गोष्ट रचलेली आहे, असा निष्कर्ष काढला गेला. नागपूर खंडपीठाने भय आणि संमती यांत दाखवलेला भेद सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. निकाल कायद्याच्या अहवालांत छापला गेला आणि जवळजवळ वर्षभर त्यावर फारशी चर्चा झाली नाही.

१०/ १६ सप्टेंबर १९७९. निकालाला एक वर्ष आणि एक दिवस झाला होता. कायदा शिकवणाऱ्या चार अध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना उद्देशून खुले पत्र लिहिले. दिल्ली विद्यापीठातील उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर, तसेच पुण्याच्या वसुधा धागमवार, अशा त्या चार सह्या होत्या. लोतिका सरकार या त्याआधी भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या १९७४ च्या 'समानतेच्या दिशेने' या अहवालाच्या समितीत होत्या. उपेंद्र बक्षी पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

११/ त्या पत्राची मांडणी भावनेच्या भरातली नव्हती. अध्यापक उत्तरपत्रिका तपासतात त्या काटेकोरपणे त्यांनी निकालपत्र तपासले. संमती आणि शरणागती यांतला फरक न्यायालयाने का पुसला? मुलीचे वय, तिचे दारिद्र्य, हक्कांविषयीचे अज्ञान आणि ठाण्यात असण्याची भीती यांचा विचार निकालात कोठे आहे? लग्नाआधी शरीरसंबंध आला असेल तर त्या मुलीला कायद्याचे संरक्षणच उरत नाही काय? न्यायमूर्तींच्या हेतूंवर शिंतोडे न उडवता त्यांच्या तर्कातील पोकळी पत्राने उघडी केली.

१२/ सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर अध्यापकांनी असे जाहीर बोट ठेवणे त्या काळी धाडसाचे होते. न्यायालयाच्या अवमानाचा कायदा अस्तित्वात होता. नोकरी, बढती आणि समित्यांवरील नेमणुका यांचा विचार करून गप्प राहणे सोपे होते. बहुतेकांनी तेच केले होते. निकाल कोणापासून लपलेला नव्हता. तो देशभरच्या विधी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत येऊन पडला होता. वाचणारे अनेक होते, सही करणारे चार निघाले.

१३/ पत्र वर्तमानपत्रांत पोहोचले आणि वणवा पेटला. मुंबईत १९८० च्या आरंभी 'फोरम अगेन्स्ट रेप' ही संघटना उभी राहिली. पुढे तिने सर्व प्रकारच्या स्त्री-अत्याचाराविरुद्ध काम विस्तारले. नागपुरात सीमा साखरे यांनी स्त्री अत्याचार विरोधी परिषदेच्या माध्यमातून लढा चालवला. ८ मार्च १९८० रोजी अनेक शहरांत स्त्रिया खटल्याच्या फेरविचारासाठी रस्त्यावर आल्या. विधी आयोगाने त्याच वर्षी बलात्कारविषयक कायद्यावर आपला ८४ वा अहवाल दिला.

१४/ १९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. पोलीस, कारागृह, रुग्णालय अशा ताब्यातील अत्याचारासाठी वेगळी कलमे आली. अशा प्रकरणांत स्त्रीने 'संमती नव्हती' असे सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ११४-अ हे कलम पुरावा कायद्यात आले. सुनावणी बंद दालनात घेण्याची तरतूद आली आणि ओळख प्रसिद्ध करणे गुन्हा ठरला. चार अध्यापकांच्या पत्रापासून संसदेपर्यंतचा हा प्रवास अवघ्या चार वर्षांत झाला.

१५/ इतिहास एवढ्यावर थांबवला तर तो गौरवगीत होईल. त्या मुलीच्या पदरात काय पडले? फेरविचाराची मागणी फेटाळली गेली. आरोपींची सुटका कायम राहिली. नवा कायदा तिच्या खटल्याला लागू झाला नाही. पत्र आले तेव्हा घटनेला साडेसात वर्षे उलटली होती. कायद्याला मिळालेला आधार आणि माणसाला मिळालेला आधार या दोन गोष्टी एकच नाहीत. अत्याचारानंतरच्या पहिल्या काही तासांत, ठाण्याच्या बाकावर बसलेल्या बाईशेजारी कोण असते? विद्यापीठांना विचारायचा पुढचा प्रश्न हा आहे.

१६/ त्याचे एक उत्तर मुंबईने दिले. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने पोलीस आयुक्तालयातच 'महिला व मुलांसाठी विशेष कक्ष' सुरू केला. ही संस्था १९६४ पासून विद्यापीठाचा दर्जा असलेली आहे. तिने तज्ज्ञ म्हणून व्याख्याने देण्यापुरते स्वतःला मर्यादित ठेवले नाही. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलीस यंत्रणेच्या आत बसवल्या. तक्रार लिहायला मदत करणे, घरच्यांशी बोलणे, निवाऱ्याची सोय पाहणे, न्यायालयात सोबत जाणे, ही कामे त्यांच्याकडे आली.

१७/ या कक्षाची रचना साधी होती आणि त्यातच तिचे बळ होते. बाई जिथे पहिल्यांदा जाते, तिथेच मदत उभी करायची. बाईने मदत शोधत हिंडायचे नाही. कार्यकर्त्या पोलीस खात्याच्या नोकर नसल्याने बाईच्या बाजूने बोलू शकत आणि ठाण्याच्या आत बसत असल्याने पोलिसांना त्यांना टाळता येत नसे. २००५ साली महाराष्ट्र शासनाने हा उपक्रम महिला व बाल विकास विभागामार्फत स्वीकारला आणि पुढे तो राज्यातील जिल्ह्यांत पसरला. एका शिक्षणसंस्थेचा प्रयोग शासकीय व्यवस्थेचा भाग झाला.

१८/ आता पुन्हा जामच्या परिसरात. न्यायालयाचा तर्क १९७९ मध्ये तपासला गेला, ठाण्याचा बाक १९८४ मध्ये. तिसरी जागा मात्र तशीच राहिली होती: रुग्णालयाची तपासणी खोली. बलात्काराच्या खटल्यात स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याची मुभा देणारे पुरावा कायद्यातील १५५(४) हे उपकलम २००२ च्या दुरुस्तीने वगळले गेले. कायद्याचा आधार गेला, तरी दोन बोटांची चाचणी चालूच राहिली. कारण साधे होते. डॉक्टर कायद्याचे राजपत्र वाचून तपासणी करत नव्हते. ते दुसऱ्या वर्षी शिकवले गेले तसे करत होते.

१९/ सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ साली सुरू झाली. ग्रामीण भागासाठी डॉक्टर घडवणे हा तिचा हेतू. तेथील न्यायवैद्यकशास्त्राचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांतील वैद्यकीय तपासण्या कशा होतात, याचा अभ्यास केला आणि २०१० मध्ये त्यावर सविस्तर अहवाल मांडला. अर्धवट भरलेले नमुने, न घेतलेले पुरावे, अवैज्ञानिक शेरे, अशी त्यातील चित्रे होती. त्या अहवालाच्या आधारे नागपूर खंडपीठासमोर जनहित याचिका दाखल झाली.

२०/ याचिकेमुळे राज्य आणि केंद्र या दोघांनाही तपासणीच्या एकसमान पद्धतीचा विचार करणे भाग पडले. वाट सरळ नव्हती. राज्याच्या सुरुवातीच्या नमुन्यात योनिपटलाविषयीचे जुने प्रश्न शिल्लक होते. मुंबईच्या 'सेहत' या संशोधन संस्थेने त्याच याचिकेत हस्तक्षेप करून त्यावर आक्षेप घेतले. या संस्थेला मुंबईतील महापालिका रुग्णालयांत अत्याचारग्रस्तांबरोबर काम करण्याचा अनुभव होता. अभ्यासकांत मतभेद झाले, ते न्यायालयासमोर मांडले गेले आणि त्यातून नमुना सुधारत गेला. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे आली.

२१/ मग मूळ जागेवर घाव बसला. 'कौमार्याची लक्षणे' हा विषय वैद्यकीय अभ्यासक्रमात असण्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही, असा अहवाल डॉ. खांडेकर यांनी संबंधितांना सादर केला. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये तो भाग अभ्यासक्रमातून वगळण्याचा निर्णय घेतला. देसाईगंजच्या मुलीच्या तपासणीला तेव्हा ४७ वर्षे झाली होती. ज्या पुस्तकी ज्ञानाने तिला 'सरावलेली' ठरवले, ते पुस्तक दुरुस्त करायला विद्यापीठीय जगाला जवळपास अर्धशतक लागले.

२२/ ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांची चाचणी करणाऱ्याला गैरवर्तनासाठी दोषी धरले जाईल, असे बजावले आणि वैद्यकीय अभ्यासक्रम तपासण्याचे निर्देश दिले. तरीही गाफील राहता येत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात कौमार्याच्या न्यायवैद्यकीय महत्त्वाचा मुद्दा पुन्हा डोकावला. टीका झाल्यावर सप्टेंबरमध्ये तो अभ्यासक्रम मागे घ्यावा लागला. जुने धडे पाठ्यपुस्तकातून एकदा गेले की कायमचे जातात, असे नाही.

२३/ येथे एक आक्षेप नेहमी येतो. विद्यापीठाने शिकवावे, तपास पोलिसांनी करावा, न्याय न्यायालयाने द्यावा. प्रत्येकाने आपापली पायरी सांभाळावी. ऐकायला हा आक्षेप समंजस वाटतो. परंतु १९७४ च्या निकालपत्राने दाखवून दिले आहे की विद्यापीठ तटस्थ नसते. त्याने शिकवलेले चुकीचे वाक्य डॉक्टरच्या हाताने लिहिले जाते आणि न्यायाधीशाच्या तोंडून उच्चारले जाते. आपल्या शिकवणुकीचा परिणाम झाल्यावर पायरीचे कारण देणे म्हणजे जबाबदारी नाकारणे होय.

२४/ आता महाविद्यालयाच्या फाटकाकडे वळू. १३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निकालानंतर संस्थांना तक्रार समित्या नेमणे बंधनकारक झाले. २०१३ चा कायदा आला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'सक्षम' समितीने त्याच वर्षी विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेवर अहवाल दिला आणि आयोगाचे २०१५ चे विनियम मे २०१६ मध्ये राजपत्रात आले. त्यांनुसार विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात समितीवर तीन विद्यार्थी प्रतिनिधी लोकशाही पद्धतीने निवडलेले हवेत, निम्मे सदस्य स्त्रिया हव्यात, आणि कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता यांसारखे उच्च पदाधिकारी समितीवर असता कामा नयेत.

२५/ याच विनियमांत आधाराच्या ठोस तरतुदी आहेत. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी. चौकशी चालू असताना तक्रारदाराला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून रोखता येते. ती पोलिसांकडे जाऊ इच्छित असेल, तर संस्थेने मदत करायची आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकणेही बंधनकारक आहे. म्हणजे उत्तरपत्रिका, हजेरी आणि वसतिगृह या विद्यापीठाच्या हातातील साधनांचा उपयोग तिच्या संरक्षणासाठी व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे?

२६/ ३ फेब्रुवारी २०२०. जामच्या दक्षिणेला असलेल्या हिंगणघाटमध्ये, नंदोरी चौकात, एका महिला महाविद्यालयातील तरुण प्राध्यापिकेला सकाळी कामावर जाताना पेटवून देण्यात आले. हल्लेखोर तिचा पिच्छा पुरवणारा माणूस होता. नागपूरच्या रुग्णालयात १० फेब्रुवारीला तिचा मृत्यू झाला. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी, आरोपीला जन्मठेप झाली. हा हल्ला महाविद्यालयाच्या आवारात झाला नाही. तो महाविद्यालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर झाला.

२७/ त्या घटनेनंतर मोर्चे निघाले, बंद पाळले गेले आणि अधिक कठोर शिक्षांसाठी विधिमंडळाने 'शक्ती' विधेयक संमत केले. शिक्षेची चर्चा झाली, तितकी पिच्छा पुरवण्याच्या टप्प्याची झाली नाही. जामच्या थांब्यावर उतरून पुढची बस पकडणाऱ्या मुलीचा कोणी रोज पाठलाग करत असेल, तर तिने कोणाला सांगावे? घरी सांगितले तर शिक्षण थांबण्याची भीती आणि ठाण्यात गेले तर बदनामीची. तिसरा दरवाजा महाविद्यालयाचा असू शकतो. तोही तिला बंद वाटत असेल, तर ती गप्प राहते. त्या गप्प राहण्याचा पुढे कोणता अर्थ काढला जातो, हे १९७८ ने दाखवलेच आहे.

२८/ २०१५ च्या विनियमांनी 'परिसर' हा शब्द मुद्दाम विस्तारला आहे. संस्थेने ये-जा करण्यासाठी पुरवलेले वाहन, क्षेत्रभेट, सहल, शिबिर, प्रशिक्षणार्थी म्हणून काम करण्याची जागा, हे सारे त्यात येते. ग्रामीण भागात विद्यार्थ्यांची ये-जा मात्र एसटीनेच होते. त्यामुळे शब्दाचे अक्षर धरून बसणाऱ्या संस्थेची जबाबदारी बसच्या पायरीपाशी संपेल. विनियमाचा हेतू पाहणारी संस्था तेथे थांबणार नाही. आगार व्यवस्थापकाशी बोलणे, ठाण्यात सोबत जाणे, वेळापत्रक बदलून देणे, यासाठी नवा कायदा लागत नाही.

२९/ या अर्धशतकातून हाती येणारा निष्कर्ष असा. विधी विभागाने निकाल वाचून गप्प बसू नये. चुकीचा तर्क दिसला तर जाहीरपणे लिहावे. समाजकार्याच्या विभागाने विद्यार्थ्यांना ठाण्याच्या बाकाशेजारी बसायला शिकवावे. वैद्यकीय महाविद्यालयाने आपल्या पाठ्यपुस्तकातील प्रत्येक शेऱ्याला शास्त्रीय पुरावा मागावा. हे झाल्यानंतर तक्रारपेटीला अर्थ येतो. हे न करता लावलेली पेटी तपासणी पथकाला दाखवण्यापुरतीच उपयोगी असते.

३०/ इतिहासाची आवड असणाऱ्या तरुणांसाठी यात कामही आहे. १९७८ चा निकाल आणि १९७९ चे पत्र शेजारी ठेवून वाचावे. आपल्या महाविद्यालयाच्या समितीवर कोण आहे, विद्यार्थी प्रतिनिधी निवडले गेले की नेमले गेले, आणि विनियमांनुसार द्यावयाचा वार्षिक अहवाल तयार होतो का, हे विचारावे. वर्षानुवर्षे 'तक्रारी: शून्य' असे लिहिलेला अहवाल हे शांततेचे प्रमाणपत्र समजू नये. अभ्यासकाने तो अविश्वासाचा संभाव्य पुरावा म्हणून तपासावा.

३१/ व्यवहाराच्या चार गोष्टी. कोणत्याही रुग्णालयाने, सरकारी असो वा खासगी, अत्याचारग्रस्त व्यक्तीवर तातडीने आणि विनामूल्य उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. नकार हा गुन्हा आहे. वैद्यकीय तपासणीसाठी तिची संमती आवश्यक आहे. महिला मदतवाहिनी १८१ आणि आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून 'मनोधैर्य' योजनेतून अर्थसाहाय्याची तरतूद आहे. ही माहिती प्रत्येक महाविद्यालयाच्या ओळखपत्राच्या मागे छापता येईल. खर्च शाईपुरता.

३२/ देसाईगंजच्या त्या मुलीला विद्यापीठाने दोनदा गाठले. १९७२ मध्ये पाठ्यपुस्तकाच्या रूपाने, तिला खोटे ठरवण्यासाठी. १९७९ मध्ये चार सह्यांच्या रूपाने, तिच्या बाजूने, पण फार उशिरा. जामच्या चौकात आज बसची वाट पाहणाऱ्या मुलींपर्यंत विद्यापीठ कोणत्या रूपाने आणि किती लवकर पोहोचते, एवढाच प्रश्न आता उरला आहे. त्याचे उत्तर भूतकाळातील ग्रंथांत नाही. ते यंदाच्या अभ्यासमंडळाच्या बैठकीत आणि यंदाच्या समितीच्या निवडणुकीत ठरणार आहे.

(धागा समाप्त)